डिकीत पाणी साठतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

स्टेपनी ठेवायचा खड्डा ही डिकीतली सगळ्यात खोल जागा. पाणी टेललाइटमागून शिरलं काय, मागच्या काचेच्या कोपऱ्यातून शिरलं काय, की तळाच्या एखाद्या ढिल्या बुचातून वर आलं काय, शेवटी जमतं ते त्या खड्ड्यातच. म्हणून नुसता खड्डा पुसून काही हाती लागत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही हे पुरतं अनुभवलं. मुंबईत उघड्यावर गाडी लावणाऱ्या कितीतरी जणांना हाच त्रास असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी सेडान, सेकंडहँड घेतलेली. माझा खण आणि इरकलीचा व्यवसाय. दादर, पार्ले, ठाण्याच्या प्रदर्शनांना साड्यांचे गठ्ठे डिकीतूनच जातात. पाऊस सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत गाडीत कुबट वास यायला लागला. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असायच्या. एसीचा फिल्टर बदलून घेतला, वास तसाच. मग एका प्रदर्शनात गठ्ठा सोडला तर तळाच्या साड्यांच्या काठांना ओल लागलेली. डिकीचं कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं. ते उचललं तेव्हा खालचा नमदा पिळता येईल इतका भिजलेला निघाला. स्टेपनी अर्धी पाण्यात, जॅकच्या आट्यांवर तांबूस गंज, पान्यांच्या कापडी पिशवीवर पांढरी बुरशी. कापडाचा धंदा करणाऱ्या बाईला बुरशी म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नाही.

काचा धुरकटण्याचं मूळही तेच होतं. डिकी आणि बसायची जागा यांच्यात मागच्या सीटच्या आडून हवा खेळत असते. दिवसा गाडी तापली की नमद्यातलं पाणी वाफ होऊन सगळीकडे पसरतं आणि रात्री गार काचेवर बसतं. त्यामुळे पावसाळ्यात काचा आतून रोजच्या रोज दमट होत असतील तर एसीच्या मागे लागण्याआधी कार्पेट उचलून बघावं. पुढच्या पायाखालचीही उचलावीत आणि डिकीतलंही.

जवळच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी डिकीच्या भोवतीचं रबर बोटाने चाचपलं, ते ओलं होतं, ‘रबर गेलंय’ म्हणाले आणि नवं बसवून दिलं. पुढच्या जोराच्या सरीनंतर खड्ड्यात पुन्हा पाणी. रबर ओलं असण्यात खरं तर काही वावगं नाही. डिकीच्या झाकणाच्या कडेने जे पाणी आत उतरतं ते रबराच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या पन्हाळीत पडून दोन्ही बाजूंनी खाली वाहून जावं, अशीच ती रचना असते. बघायचं ते एवढंच, की रबराच्या आतल्या अंगाला पत्रा कोरडा आहे का. तो कोरडा असेल तर रबराला दोष देऊ नये. तरीही शंका असेल तर कागदाची पट्टी रबरावर ठेवून डिकी लावायची आणि पट्टी ओढून बघायची. सगळीकडे सारखीच अडकली पाहिजे. जिथे सळकन निसटून येते तिथे रबर दबलेलं तरी असतं किंवा झाकण नीट बसत नसतं. आमच्या नव्या रबरावर पट्टी सगळीकडे घट्ट बसत होती, आणि पाणी तरीही येत होतं.

मग हे काम आम्हीच हाती घ्यायचं ठरवलं. पहिलं काम म्हणजे डिकी पूर्ण रिकामी करून सुकवणं. याला बगल देता येत नाही, कारण ओल्या नमद्यातून आधीचंच पाणी झिरपत राहतं आणि नवं पाणी आलं की जुनंच उतरलं हे कळायला मार्ग राहत नाही. कार्पेट, नमदा, स्टेपनी, जॅक, दोन्ही बाजूंची अस्तरं, सगळं बाहेर काढलं. अस्तरं प्लास्टिकच्या क्लिपांवर असतात. क्लिपेची मधली टिकली आधी उचलायची, मग क्लिप आपसूक सुटते. ओढाताण केली तर तुटते, पण तशा क्लिपा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या मिळतात. नमदा पावसाळ्याच्या दिवसांत घरात टेबलफॅनखाली वाळायला फार वेळ लागला. पण उघडा पत्रा समोर आला आणि कुठल्या भागात काय चाललंय ते पहिल्यांदा दिसायला लागलं.

पाणी नेमकं कधी येतं हा प्रश्न आम्ही बरेच दिवस लावून धरला, आणि माझ्या मते सगळ्या शोधातला हाच सर्वात मोलाचा भाग. गाडी नुसती पावसात उभी असताना पाणी आलं तर वाट वरची: काच, छत, टेललाइट, एरियलचं बूड. साचलेल्या पाण्यातून चालवल्यावरच आलं तर वाट खालची: तळाची रबरी बुचं, चाकावरच्या कमानीचे सांधे, बंपरमागची भोकं. फक्त धुतल्यावर आलं तर प्रेशरच्या पाण्याने एखादं धडधाकट रबरही वाकवलेलं असू शकतं. आमच्याकडे पाऊस थांबल्यावर एलबीएस रोडवरच्या डबक्यांतून गाडी नेली तर डिकी कोरडी राहायची, आणि रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी खड्ड्यात पाणी असायचं. म्हणजे वाट वरची.

यानंतर मुद्दाम पाणी घालून बघायचं होतं. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला मनाई आहे, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. कुंड्यांना पाणी घालायची झारी घेतली. तिच्या चाळणीतून पाणी पावसासारखंच पडतं, जोर नसतो, आणि हवं तेवढ्याच जागी घालता येतं. प्रेशरचा पंप या कामाला अजिबात वापरू नये, तो नसलेली गळतीही दाखवतो. मागची सीट पाडून मी टॉर्च घेऊन डिकीत आडवी झाले, नवऱ्याने बाहेरून झाकण लावलं आणि झारी धरली. झाकण बंद असताना आतून उघडायची सोय आपल्या गाडीत आहे का ते आधी बघून घ्यावं. आमची सीट पाडलेली असल्याने मागच्या दारातून मला बाहेर पडता येत होतं.

क्रम खालून वर ठेवायचा. आधी नंबरप्लेटच्या दिव्याची जागा, मग टेललाइटची खालची कड, मग वरची, मग झाकणाच्या फटी, मग काच आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्या जागा भिजवतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबायचं. पत्र्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून पाणी आपल्या चिकटपणाने सरकत येतं, कधी कधी वर चढूनही येतं, आणि मग पत्र्याच्या खालच्या अंगाला धरून बऱ्याच लांब जाऊन थेंब सोडतं.

डाव्या टेललाइटच्या वरच्या कडेला पाणी सोडलं तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. मग दिव्याच्या मागे, वायर आत येते त्या भोकाच्या कडेला, टॉर्चच्या उजेडात एक बारीक चकाकी हलली. तिचा थेंब झाला, तो पत्र्यावरून घरंगळत चाकाच्या कमानीच्या मागे गेला, आणि त्याच्यामागून दुसरा आला.

“थांब, थांब! ओतू नकोस. तिथेच बोट धरून ठेव!” मी आतूनच ओरडले.

“टेललाइट?”

“टेललाइटच. डावा, वरच्या अंगाने.”

टेललाइट काढणं अवघड नसतं. आतून दहा नंबरचे नट असतात. ते सोडायचे, वायरचं सॉकेट काढायचं आणि दिवा सरळ मागे ओढायचा. दिव्याच्या पाठीला स्पंजासारखं गॅस्केट चिकटवलेलं असतं. आमचं गॅस्केट दाबलं तर परत फुगत नव्हतं, चपटं होऊन टणक झालं होतं. आणि त्याच्या खालच्या पांढऱ्या रंगावर वरच्या कोपऱ्यातून भोकापर्यंत मातीची तपकिरी रेघ उमटली होती, केसाएवढी. आठवडेन्‌आठवडे त्याच वाटेने पाणी येत होतं आणि जाताना आपली खूण ठेवत होतं. गळती शोधणाऱ्याने अशा रेघांवर नजर ठेवावी. गाडी कोरडी असतानाही त्या पाण्याची वाट सांगतात.

जुनं गॅस्केट खरवडून काढलं, पत्रा आणि दिव्याची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि त्या जागी ब्युटाइलची टेप लावली. ही काळी, चिकट, मऊ टेप कडक होत नाही. पुढे कधी बल्ब बदलायचा झाला तर दिवा न मोडता निघतो. टेपची दोन टोकं वरच्या बाजूला जोडायची नाहीत, खालच्या बाजूला जोडायची, कारण जोड हीच कच्ची जागा आणि पाणी वरून येतं. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच नट जोराने पिळला तर दिव्याचं प्लास्टिक तडकतं आणि दुसऱ्या बाजूची कड उचलली जाते.

त्यानंतरच्या पावसात खड्ड्यात पाणी बरंच कमी झालं, पण बंद झालं नाही. एक गळती सापडली की दुसरी नसेलच असं नाही, आणि मोठी बुजल्यावरच लहान दिसते. पुन्हा झारी घेतली तरी या वेळी आत काही दिसेना. तेव्हा कोरड्या पत्र्यावर, चाकांच्या दोन्ही कमानींवर आणि काचेखालच्या आतल्या कडांवर, ब्रशने टाल्कम पावडर मारून ठेवली आणि रात्रभर पाऊस पडू दिला. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. वाट फार बघावी लागली नाही. सकाळी उजव्या कमानीवरच्या पावडरीत वरपासून खालपर्यंत एक स्वच्छ धुतलेली ओळ होती. ती डिकीच्या बिजागरीच्या मागून, मागच्या काचेच्या कोपऱ्याकडून उतरत होती.

इथे आमच्या पार्किंगच्या उताराचा संबंध लक्षात आला. आम्ही मुलुंडला डोंगराकडच्या बाजूला राहतो आणि गाडी चढाकडे तोंड करून लागते. छताच्या दोन्ही कडांना, काळ्या पट्टीखाली, एक अरुंद नाली असते. नाक वर असलं की त्या नालीतलं सगळं पाणी मागे धावतं आणि काचेच्या कोपऱ्याजवळ खाली पडतं. पुढच्या पावसाच्या रात्री गाडी उलटी, उताराकडे तोंड करून लावली, तर सकाळी पावडर जवळजवळ कोरडी. ज्यांच्या गाडीत पाणी कधी येतं, कधी येत नाही, त्यांनी गाडी कुठे आणि कशा कलाने उभी होती हे जरूर टिपून ठेवावं.

ती पट्टी मागच्या टोकाकडून अलगद उचलली. खाली छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर येतात तो सांधा सीलरने भरलेला असतो. डाव्या बाजूचा सीलर सरळ, एकसारखा, कारखान्यातून आलेला. उजवा मात्र बोटाने पसरलेला, कुठे जाड कुठे पातळ, आणि त्यात नखाएवढ्या लांबीची चीर. सांधा खोलवर साफ करून भरायचा आणि वर रंग लावायचा हे काम माहीतगाराने केलेलं बरं, म्हणून भांडुपच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पत्र्यावर बोटं फिरवली आणि सांगितलं की या बाजूला आधी कधीतरी पत्र्याचं काम झालेलं आहे; गाडीचा पत्रा चालताना सतत थोडा थोडा पिळवटत असतो, आणि हाताने भरलेला सीलर नीट चिकटला नसेल तर तिथेच फाटतो. मग त्यांनी काळजीने विचारलं, “ताई, वरून सिलिकॉन नाही ना मारलंत? त्याच्यावर ना सीलर धरत, ना रंग.”

नव्हतं मारलं. आणि हे मी इथे आग्रहाने लिहिते, कारण गळती म्हटलं की पहिला हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. बाथरूमला वापरतात त्या आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. उघड्या पत्र्याला ते गंज आणतं. वरून चोपडलेलं सिलिकॉन चिरेचं तोंड झाकतं, पण सांध्यात आधीच शिरलेलं पाणी आत कोंडून ठेवतं. शिवाय नंतर कुणालाही तिथे नीट काम करता येत नाही. मिस्त्रींनी जुना सीलर पूर्ण खरवडला, गंजाचा ठिपका घासून प्रायमर मारला आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, सांधे भरायचा सीलर भरून ब्रशने सारखा केला. हा सीलर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे मुंबईची दमट हवा त्याला मानवते. पत्रा मात्र लावताना पूर्ण कोरडा लागतो. म्हणून गाडी रात्रभर त्यांच्या शेडमध्ये ठेवली. सीलर सुकल्यावर वरून रंग दिला, म्हणजे उन्हाने तो चिरत नाही.

शोधताना बंपरच्या आड दोन्ही बाजूंना चौकोनी भोकं दिसली आणि आम्ही क्षणभर दचकलोच. त्यांवर रबराच्या पातळ झडपा असतात. ही भोकं कंपनीनेच ठेवलेली असतात. दार लावल्यावर आतली हवा त्यातून बाहेर पडते आणि एसीने आत घेतलेल्या ताज्या हवेलाही तीच वाट. ती कधीही बुजवू नयेत. दारं लागताना जड जातील आणि काचा जास्तच धुरकटतील. झडपा सुट्या हलतात का आणि चौकटीभोवतीचा फोम शाबूत आहे का, एवढंच बघायचं. आमच्या झडपांत चिखल आणि पानं अडकली होती, ती ओल्या फडक्याने काढली.

स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच काढून टाका, पाणी आपोआप जाईल, असाही सल्ला मिळाला. दुसऱ्या एखाद्या गावात तो चालेल, इथे मी तो मानला नाही. सायन किंवा हिंदमाताला रस्त्यावर पाणी भरलं की त्याच भोकातून गटाराचं पाणी डिकीत येणार. बूच काढून धुतलं, त्याची कड तपासली आणि परत दाबून बसवलं.

खड्ड्यातला गंज वरवरचा होता. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून, गंज मारायचं द्रावण लावून, प्रायमर आणि रंग दिला. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा तसाच सोडणं परवडत नाही. नमद्याचा वास मात्र धुऊन आणि उन्हं दाखवूनही गेला नाही, तेव्हा तो टाकून नवा कापून घातला. एकदा बुरशी आतपर्यंत गेली की नमदा वाचवण्यात जीव अडकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं हे सगळं चाललेलं बघून शेजारच्या इमारतीतल्या एका काकांनी त्यांची सीएनजीची गाडी दाखवली. त्यांच्या डिकीत पाणी यायचं ते फक्त साचलेल्या पाण्यातून गेल्यावर, म्हणजे खालून. सिलिंडरचं स्टँड बसवताना तळाच्या पत्र्याला आरपार भोकं पाडून बोल्ट घातलेले असतात. एका बोल्टभोवती गंजाचं कडं दिसत होतं, आणि बोल्टच्या मुळाशी पत्रा ओला. पण त्यावर सिलिंडर बसलेला, हात जायला जागा नाही, आणि सिलिंडर आपण घरी सोडवायची गोष्टच नाही. सुदैवाने त्यांच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतात ती चाचणी, जवळ आली होती. ती दर ३ वर्षांनी करावीच लागते आणि तेव्हा सिलिंडर गाडीतून उतरवतात. काकांनी टेस्टवाल्यांना आधीच सांगून ठेवलं. सिलिंडर उतरल्यावर बोल्टची भोकं साफ करून, गंज घासून, प्रायमर देऊन, खालून-वरून सीलर आणि नवे वॉशर घालून स्टँड परत बसवलं गेलं. एलबीएसवरच्या तळ्यांतून ते आता बिनघोर जातात, आणि घरी आल्यावर कार्पेटचा कोपरा तेवढा उचलून बघतात.

आमच्या डिकीत नमद्याखाली मी वर्तमानपत्राचा एक कोरा कागद पसरून ठेवते. वाळलेल्या कागदावरही पाण्याचा डाग दिसतो, त्यामुळे आपण बघायला उशीर केला तरी कळतं. मे महिन्यात छताच्या नालीतली आणि काचेच्या कोपऱ्यातली पानं काढायची, झडपा पुसायच्या, टेललाइटचे नट हाताने चाचपायचे, एवढं काम. गठ्ठे आता पुन्हा डिकीतून जातात. खाली प्लास्टिकचा कागद घालणं मी सोडून दिलं आहे, कारण तो असला की ओल लागलेली लवकर कळत नाही.